टोकांचे मास्तर

रामनगरच्या बसस्टँडवर उतरून रामचंद्र मिराशी कुठं राहतात असं विचारलंत, तर पानटपरीवाला आधी डोकं खाजवील. टोकांचे मास्तर म्हणालात, तर मात्र टपरी सोडून दारापर्यंत पोचवायला येईल. गावानं ठेवलेलं नाव असंच असतं. बारशाच्या नावाला ते जागेवरून उठवतं आणि पुन्हा बसू देत नाही.

मास्तर तिथल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांना गणित शिकवतात. पुस्तकं सगळी इंग्रजी, पण स्वतः खानापूरला मराठीतून शिकल्यामुळे त्यांच्या तोंडात शब्द मराठी येतात. फील्डला ते क्षेत्र म्हणतात. एखादी ताकद जागोजागी ढकलत किंवा ओढत असते, ते झालं क्षेत्र. आपण त्यातून एका वाटेनं जातो, आणि त्या वाटेवर किती कार्य झालं ते काढायचं असतं. वाट वाकडीतिकडी असली की हिशेब पानभर चालतो, आणि पोरं मध्येच कुठंतरी वजाचं चिन्ह सांडून बसतात. पण काही क्षेत्रं सज्जन असतात. ती कुठल्यातरी चढउतारातून निघालेली असतात, पुस्तकात त्यांना ग्रेडियंट क्षेत्रं म्हणतात. त्यांच्यात वाट कुठलीही धरा, उत्तर तेच येतं.

उदाहरण मास्तर इथलंच द्यायचे. भाताचं पोतं डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा आहे. एक जण सरळ नाकासमोर चढला, दुसरा वळसे घेत घेत गेला. घाम कुणाचा किती गळाला तो ज्याचा त्यानं पुसावा. पृथ्वीच्या ओढीविरुद्धचं कार्य दोघांचं सारखंच, कारण पायथा तोच आणि माथा तोच. वरच्या टोकाची किंमत काढा, खालच्या टोकाची काढा, वजा करा, सुटलात. आणि पोतं वर नेऊन तसंच घरी परत आणलंत, तर सगळ्या खटाटोपाचं उत्तर शून्य. मग ते हातावर खडू आपटून म्हणायचे, "वाट सोडा, टोकं धरा."

हे वाक्य वर्गाबाहेर पडलं आणि गावभर झालं. बस उशिरा आली की कंडक्टर म्हणतो, वाट सोडा, टोकं धरा. लग्न ठरवताना मुलाकडचे फार खोदून विचारायला लागले की मुलीचा मामा हेच ऐकवतो. मास्तरांना त्याचा राग नव्हता. उलट ते स्वतःच तसे जगत होते. बायकोनं, कविताबाईंनी, बाजारातली हकिगत सांगायला घेतली की ते म्हणायचे, शेवट काय झाला तेवढं सांग. आणि त्यांना कुणी त्यांची हकिगत विचारली, तर तीही दोन टोकांत आटपायची. केळीवाड्यात जन्मलो, रामनगरात आहे. मधलं काय ते मास्तर सांगत नसत, आणि केळीवाडा बघायचा तर सुप्याच्या धरणाचं पाणी उपसायला लागेल, त्यामुळे कुणी पुढं विचारतही नसे.

मास्तरांच्या घरात मात्र एक माणूस असा होता की ज्याच्यापुढं हे गणित चालत नव्हतं. त्यांचे वडील, झिलू मिराशी. सगळे त्यांना अप्पा म्हणत. अंगानं वाळलेले, कानानं थोडे कमी, पण जिभेनं शाबूत. दारातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची हा त्यांचा उद्योग. सून त्यांचं सगळं मायेनं करायची, फक्त एका गोष्टीनं ती कावायची. अप्पा नव्या तांदळाचा भात खात नसत.

शेजारीपाजारी नवं भात घरात आलं की त्याचा वास गल्लीभर सुटतो. बाहेरगावची पोरंसुद्धा त्या दिवसांत घरी येतात. आणि मिराश्यांच्या घरी एका चुलीवर दोन भात शिजायचे. सगळ्यांना नव्याचा, अप्पांना जुन्याचा. त्यासाठी कविताबाई गेल्या सालचे तांदूळ वेगळ्या पत्र्याच्या डब्यात राखून ठेवायच्या, पाखडून, निंबाचा पाला घालून. लग्न होऊन आल्यापासून त्या डब्यानं त्यांची पाठ सोडली नव्हती. वैद्याचं पथ्य असेल असं बाहेरच्यांना वाटायचं. पथ्य नव्हतं ते.

केळीवाड्यात मिराश्यांना एक मान होता. तिथं सातेरीचं देऊळ होतं. सातेरी म्हणजे मूर्ती नव्हे, वारूळ. माणसाच्या छातीइतकं उंच, त्याच्यावर नळीच्या कौलांचं छप्पर आणि सभोवार फिरायला सारवलेली वाट. भात पिकलं की पहिल्या लोंब्यांची जुडी मिराश्यांच्या कर्त्या पुरुषानं डोक्यावर घ्यायची, देवी उजव्या हाताला ठेवून तिला एक प्रदक्षिणा घालायची आणि पुन्हा समोर येऊन जुडी उंबऱ्यावर ठेवायची. मग त्यातली एकेक लोंबी घरोघर जायची, दारावर बांधली जायची, आणि नंतरच गावात नव्याचा भात शिजायचा. याला नवं करणं म्हणत. त्याच्याआधी जो खाईल त्याच्या घशाखाली तो उतरणार नाही, असं म्हणत.

धरणाचं पाणी चढायला लागलं त्या साली गाव उठलं. सरकारची माणसं पीक कापून घ्या म्हणाली, म्हणून लोकांनी कापून घेतलं, आणि मग ट्रक आले. शेवटच्या ट्रकात मिराश्यांची भांडी होती, शेळी होती, बायको होती, आणि भांड्यांच्या वर बसलेला लहान रामचंद्र होता. अप्पांना वाटलं, निघता निघता नवं करून घेऊ. ते जुडी डोक्यावर घेऊन फिरायला लागले. वारुळाच्या मागच्या बाजूला पोचले असतील नसतील, तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्यालाही आणखी खेपा होत्या, त्याचं काही चुकलं असं नाही. पण छपराआडून ट्रक दिसत नव्हता. अप्पांना वाटलं, पोराला घेऊन गाडी निघाली. ते गर्रकन वळले आणि आले त्याच वाटेनं मागं धावत सुटले. ट्रकात चढले तेव्हा जुडी अजून डोक्यावरच होती. पुन्हा उतरायला कुणी दिलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

उठलेल्या लोकांना रामनगरात जागा मिळाली, तिथं नवीन देऊळ झालं. केळीवाड्याच्या वारुळाची मूठभर माती आणून तिथं ठेवली, लोक तिथं नवं करायला लागले. अप्पांना कितीदा बोलावलं. ते जायचे, नमस्कार करायचे, पण जुडी उचलायचे नाहीत. त्यांचं म्हणणं एकच होतं.

"हितं माती आनली. जागा तितंच हाय. माजी परदक्षिणा तितं अर्दी पडलीया."

इतकी वर्षं ते हे चिडून नव्हे, तर आठवड्याचा बाजार सांगावा तसं सांगत आले होते. पण गेल्या पावसाळ्यात ते आजारी पडले, छातीत पाणी झालं, बेळगावच्या दवाखान्यात राहून आले. आल्यापासून त्यांनी धरलं. एकदा मला फिरवून आण. गाव दिसायला नको, देऊळ दिसायला नको, नुसतं भोवतीनं फिरवून आण. नवं न खाता मी गेलो तर वर बापाला काय सांगू?

मास्तरांनी आधी हसून घालवलं, मग समजावलं. अप्पा, देऊळ पाण्याच्या तळाला. त्याच्याभोवती कुणाला फिरता येतंय? फिरायचं तर सगळ्या धरणाला वळसा पडेल. आणि एवढं फिरून शेवटी यायचं कुठं, तर याच दारात. मग निघायचं कशाला? पण अप्पा हट्ट सोडीनात. शेवटी कविताबाई मध्ये पडल्या. नवऱ्याला म्हणाल्या, तुमचं गणित वर्गात ठेवा आणि त्यांना एकदा पाणी तरी दाखवून आणा.

म्हणून दिवाळीआधीच्या एका रविवारी मास्तरांनी लाडूची जीप सांगितली. लाडू हा गल्लीतलाच, जंगलातल्या लॉजवर पाहुण्यांची ने-आण करणारा, तोंडानं फटकळ आणि हातानं सावध. शेजाऱ्याच्या शेतातल्या पिकायला आलेल्या लोंब्या आणून अप्पांनी स्वतः जुडी बांधली. गणेशगुडीपर्यंत गेले. जिथून झाडांतून पाण्याचा मोठा तुकडा दिसतो तिथं लाडूनं गाडी उभी केली. अप्पा उतरले, बराच वेळ बघत राहिले. मास्तर मात्र गाडीतच बसून फोन चाळत होते. लहानपणी बसलो होतो त्या ट्रकात तोंड पुढं करून बसलो होतो की मागं, हे त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवावंसं वाटत नव्हतं. मग गाडी वळवली आणि गेले त्याच वाटेनं, जगलबेटवरून, घरी आले.

दारात उतरल्यावर अप्पांनी जुडी उंबऱ्यावर ठेवली नाही. तशीच हातात धरून म्हणाले, "गेलो तसा आलो. ही परदक्षिणा न्हवं."

मास्तरांचा पारा चढला. माणूस दिवसभर फिरून आलेला, पाठ आंबलेली, आणि वर हे. ते बोलू नये ते बोलून गेले. गेलेल्या गावाचं किती दिवस घेऊन बसणार, तिथं आता मासे फिरतात, घालू द्या त्यांना प्रदक्षिणा. अप्पांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी जुडी आत नेऊन खुंटीला अडकवली आणि त्या दिवसापासून मागणं बंद केलं. ते बाकावरही बसेनात. कविताबाई जुन्या तांदळाचा भात वाढायच्या, तोसुद्धा अर्धा ताटात राहायला लागला. मास्तरांना वाटलं होतं, विषय मिटला की घर शांत होईल. झालं खरं शांत, पण ती शांतता त्यांना खायला उठली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि कॉलेज भरलं. नेमका तोच धडा समोर होता. मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"क्षेत्र म्हणजे काय, कोण सांगेल?"

प्राजक्ता वेळीप नावाची एक मुलगी त्या वर्षी वर्गात होती. कुंभारवाड्याकडची, वसतिगृहात राहणारी, फारसं न बोलणारी. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याखाली गेलं ते, सर."

वर्ग खो-खो हसला. पोर गोंधळली. तिच्या गावात क्षेत्र हा शब्द एवढ्याच अर्थानं येतो. कुणाचं शेत क्षेत्रात गेलं, कुणाचं घर क्षेत्राच्या बाहेर राहिलं. बुडीत क्षेत्र असं पूर्ण म्हणायचीसुद्धा गरज पडत नाही. ज्यांचं बुडालं नाही त्यांना हे कुठून कळणार? हसणाऱ्यांत रामनगरचीही पोरं होती, ज्यांचे आजे त्याच पाण्यातून उठून आले होते. मास्तर हसले नाहीत. बस खाली, एवढंच म्हणून ते घाईघाईनं सज्जन क्षेत्रांकडे वळले, पोत्याचं उदाहरण दिलं, टोकं धरली. पण आवाजात नेहमीची मजा नव्हती.

प्राजक्तानं पुन्हा हात वर केला. एकदा हसं झालं की माणसाची भीड चेपते. तिनं पुस्तकातली एक टीप दाखवली. त्या नियमाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की जागोजागी तपासून क्षेत्र सज्जन दिसलं, तरी त्याच्या पटात कुठं भोक नसावं, एकही बिंदू वगळलेला नसावा, तरच नुसत्या टोकांवर भरवसा ठेवा. ही टीप मास्तर कधी शिकवत नसत. परीक्षेत येत नाही म्हणून सांगायचे. त्यांना ती ठाऊक नव्हती असं नाही. दुखरा दात जिभेला ठाऊक असतो, तशी ठाऊक होती.

"एक बिंदू नसला तर एवढं काय बिघडतं, सर?"

आता टाळायचं तर मुलीला दुसऱ्यांदा खाली बसवायला लागलं असतं. तेवढे मास्तर निष्ठुर नव्हते. त्यांनी फळा पुसला. मधोमध एक टिंब काढलं आणि त्याच्याभोवती गरगर फिरणारे बाण काढले. टिंबावर या क्षेत्राला किंमतच नाही, भागाकारात खाली शून्य येतं. म्हणून टिंब वगळायचं. बाकी सगळीकडे क्षेत्र अगदी सज्जनासारखं वागतं. टिंब बाहेर ठेवून कुठंही फेरा मारा, उत्तर शून्य. इथवर वर्ग माना हलवत होता.

मग मास्तरांनी टिंबाला वळसा घालत अर्धा फेरा काढला आणि वाट धरून हिशेब केला. उत्तर आलं पाय, ते बावीस सप्तमांशवालं. पोरांना या अक्षराचं नेहमीच हसू येतं. अर्ध्या फेऱ्याला एक पाय, कुणीतरी मागून म्हणालं. आता त्याच वाटेनं मागं फिरलं तर? उणे एक पाय. बेरीज शून्य. गेलो तसा आलो.

हे शेवटचे शब्द मास्तरांनी मोठ्यानं उच्चारले होते. मग खडू पुन्हा अर्ध्या फेऱ्याच्या टोकाला टेकवला आणि रेघ मागं न नेता पलीकडच्या अंगानं पुढं नेली, निघालो होतो तिथंवर. आणखी एक पाय. बेरीज दोन पाय. निघालो त्याच जागी आलो, दोन्ही टोकं एकच, आणि तरी उत्तर शून्य नाही.

प्राजक्तानं विचारलं, फेरा लांबून घातला तर उत्तर वाढेल का? मास्तर म्हणाले, नाही. जवळून घाला, कोसभर लांबून घाला, वाकडातिकडा घाला, दोनच पाय. टिंब आत आलं पाहिजे आणि मध्येच मागं फिरता कामा नये.

"पण सर," ती वहीकडे बघत म्हणाली, "पुस्तकातला फेरा उलटा हाय. देवाला आमी उजव्या हाताला धरून फिरतो. मग उत्तर उणे येईल."

वर्ग पुन्हा हसला. मास्तरांनी खडू खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आहे हे पहिल्या बाकांवरच्या पोरांना दिसलं, आणि हसणं एकेक करून थांबलं.

"येऊ दे उणे," मास्तर म्हणाले. "शून्य नको."

एवढं बोलून त्यांनी तास संपायच्या आत वर्ग सोडला. असं आजवर झालं नव्हतं.

घरी आले तेव्हा अप्पा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मास्तर त्यांच्याशेजारी खाली बसले. काय बोलायचं ते वाटेत पाठ करून आले होते, ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले की अप्पा, चुकलं माझं, आता पलीकडनं येऊ. अप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या जुडीकडे पाहिलं आणि म्हणाले, दाणे झडले असतील, नवी बांधायला पाहिजे.

लाडूला सांगितलं तर तो म्हणाला, मास्तर, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? जोयड्यावरून कुंभारवाडा ठीक, दिग्गीपर्यंतही नेतो. त्याच्या पुढं कॅसलरॉककडे निघणारी वाट म्हणजे वाट म्हणून म्हणायची. जंगलखात्याच्या माणसांना विचारायला लागेल, मध्ये नदी उतरायला लागेल, आणि म्हातारा माणूस संगं. त्यापेक्षा दिग्गीला देवाला नारळ ठेवून आलो तसे परत येऊ. मास्तर म्हणाले, परत तेवढं यायचं नाही. जंगलखात्याकडे जाऊन त्यांनी परवानगी काढली. कशासाठी जायचं आहे असं तिथल्या माणसानं विचारलं, तेव्हा मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा केळीवाड्याची गोष्ट मधल्या सगळ्या वळणांसकट सांगितली. त्या माणसाची आजी बुडालेल्या सुप्याचीच निघाली.

निघाले ते उजाडताच. अप्पा पुढं लाडूजवळ, मांडीवर नवी जुडी. मागं मास्तर आणि कविताबाई, डब्यात भाकरी आणि सुकी भाजी. जगलबेट गेलं, गणेशगुडी गेली, आणि पाणी उजव्या हाताला आलं. या वेळी गाडी थांबली तेव्हा मास्तर आधी उतरले. पाणी स्वच्छ होतं, वाऱ्यानं सुरकुत्या पडलेलं. त्याच्याखाली आपण विटीदांडू खेळलो होतो, हे त्यांनी कविताबाईंना सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना नवीनच होतं.

पुढं जोयडा, मग कुंभारवाड्याच्या विखुरलेल्या वाड्या. रस्त्याकडेला भात झोडपणं चाललं होतं. एका खळ्यावर पाणी प्यायला थांबले, तर लोकांनी अप्पांच्या मांडीवरची जुडी बघून विचारलं, कुठल्या देवीला? अप्पा म्हणाले, केळीवाड्याच्या. कुणी हसलं नाही. एका बाईनं आपल्या राशीतल्या दोन लोंब्या आणून जुडीत खोचल्या. पाणी मधूनमधून झाडांआड दिसत होतं, मग दिसेनासं झालं. तरी अप्पा उजवीकडेच बघत होते.

दिग्गीच्या पुढं रस्ता संपला आणि लाडूनं सांगितलेली वाट लागली. गाडी दगडांवरून डोलत, फांद्या खरवडत चालली. मग उतार लागला आणि खाली ओढा आला. लाडू म्हणाला, हीच काळी नदी, खाली धरण बांधलंय ती. मास्तरांना खरं वाटेना. ज्या नदीनं अख्खा तालुका पोटात घातला ती इथं गुडघ्याएवढी, खळखळ करत दगडांतून चाललेली होती. भरल्या गाडीनं उतरायचं तर चाक फसेल, म्हणून लाडूनं सगळ्यांना उतरवलं. रिकामी गाडी तो पलीकडे चढवून वळणाआड सपाटीवर नेणार, तिथं पोचला की हॉर्न देणार, आणि यांनी मागून चालत यायचं असं ठरलं.

अप्पांनी वहाणा काढून कविताबाईंकडे दिल्या, जुडी डोक्यावर घेतली आणि मास्तरांच्या खांद्याला धरून पाण्यात पाय घातला. म्हातारपणाचे पाय, पण दगड ओळखत होते. लाडूची गाडी वळणाआड गेली. दोघं बापलेक नदीच्या मध्यावर पोचले असतील, तेवढ्यात पलीकडून हॉर्न वाजला.

अप्पा जागच्या जागी थिजले. खांद्यावरची त्यांची बोटं आवळली. मग ते गर्रकन वळले, आले होते त्या काठाकडे, आणि पाऊल उचललं. मास्तरांना त्यांचा चेहरा दिसला. हा चेहरा त्यांनी भांड्यांवर बसून पाहिला होता, छपराच्या कोपऱ्याआडून धावत येताना, आणि तेव्हापासून ते फक्त टोकं धरून बसले होते. आपल्यासाठी हा माणूस मागं फिरला होता, दुसऱ्या कशासाठी नाही.

त्यांनी अप्पांचा हात दोन्ही हातांनी धरला. कॉलेजातली भाषा त्यांच्या तोंडातून कुठल्याकुठं गेली.

"अप्पा, गाडी म्होरं हाय. मागं कोन न्हाई. मी हितं हाय तुमच्यासंगं."

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाणी पायांवरून चाललं होतं. "तू हायस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय. हाय."

मग अप्पा पुन्हा वळले. पुढचं पाऊल त्यांनी टाकलं, त्यानंतरचंही टाकलं, आणि पलीकडचा काठ चढले. मागून कविताबाई साडी खोचून, हातात तीन जोड वहाणा घेऊन, रडत रडत येत होत्या. लाडूनं काय झालं म्हणून विचारलं, तर मास्तरांनी त्याला गाडी चालू करायला सांगितली. त्यानं दोनदा हॉर्न दिला नाही, हे एक बरं झालं.

कॅसलरॉककडून रामनगरला आले तेव्हा दिवस मावळला होता. ज्या अंगानं गेले त्याच्या उलट अंगानं गाडी गल्लीत शिरली, तेव्हा दारातली माणसं बघत राहिली. अप्पा उतरले. जुडी डोक्यावर घेतली, कुणाचा हात न धरता उंबऱ्यापर्यंत गेले, डोक्यावरची जुडी उतरवून तिथं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मग एकेक लोंबी काढून जमलेल्या माणसांच्या हातात दिली. गल्लीत केळीवाड्याची जेवढी घरं होती तेवढ्या दारांवर ती त्या संध्याकाळी बांधली गेली. ज्यांनी रामनगरच्या देवळात कधीच नवं करून घेतलं होतं त्यांनीही बांधली.

शेजारच्यानं अप्पांना विचारलं, एवढं फिरलात, गाव दिसलं का?

"न्हाई," अप्पा म्हणाले. "उजव्या हाताला व्हतं."

आत कविताबाईंनी चूल पेटवली. सवयीनं त्यांनी दोन पातेली घेतली आणि जुन्या तांदळाच्या डब्याकडे हात केला. दारात अप्पा उभे होते. "ऱ्हाऊ दे तो," ते म्हणाले. "एकच पातेलं चढव, पोरी."

भात शिजला तसा त्याचा वास घरभर झाला. अप्पांनी पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. मास्तर आपलं ताट तसंच ठेवून त्यांच्याकडे बघत होते, घास खाली उतरेपर्यंत. मग अप्पांनी ताट पुढं केलं आणि आणखी मागितला.

जुन्या तांदळाचा डबा कविताबाईंनी दुसऱ्या दिवशी राखेनं घासला आणि अंगणात उन्हाला पालथा घातला.